एकशे चौऱ्याण्णव नंबरची हिमनदी

हिमनदी मी आयुष्यात पाहिलेली नाही. बर्फ पाहिला तो रत्नागिरीच्या बंदरात माशांच्या पेट्यांवर टाकलेला, आणि नंतर दुबईत जबल अलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भिंतींवर साचलेला. तरी सलग पाच शरद ऋतू किर्गिझस्तानातल्या एका हिमनदीवर आज चालावं की नाही, हे दुबईत बसून मी ठरवत होतो. हसू येत असेल तर खुशाल हसा. माझ्या शब्दावर गेलेला एकही पर्यटक भेगेत पडला नाही. एक माणूस पडला, पण तो पर्यटक नव्हता.

मी दत्तप्रसाद. पेशाने सेफ्टी ऑफिसर, म्हणजे साइटवर जो कोणालाच नको असतो तो. हेल्मेट घाल, बेल्ट बांध, शिडी अशी लावू नकोस, असं दिवसभर खेकसत हिंडायचं आणि संध्याकाळी फॉर्म भरायचे. बायको म्हणते, लग्नाच्या हॉलमध्येही मी आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजले होते. मोजले होते. दोन होते आणि त्यातल्या एकाला कुलूप होतं.

जबल अलीच्या साइटवर सुजीत नावाचा इंजिनिअर होता. पुण्याचा, तिशीतला, सह्याद्रीतले सगळे कडे पालथे घातलेला. अख्ख्या साइटवर मी फक्त त्याच्यावर कधी ओरडलो नाही, कारण दोराची नीट गाठ त्यानेच मला शिकवली होती. २००८च्या दिवाळीनंतर क्रेन एकेक करून थांबल्या. फेब्रुवारीत आम्हा दोघांना एकाच दिवशी पत्रं मिळाली. व्हिसा संपायच्या आत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर विमानात बसा.

सुजीतने हमीदला गाठलं. हमीद कोझिकोडचा, दुबईच्याच ऊद मेथा भागात त्याची छोटीशी टूर कंपनी होती आणि मंदीने तिचा जीव कंठाशी आला होता. वाळवंटाला विटलेल्या लोकांना बर्फावर चालायला न्यायचं, ही कल्पना सुजीतची. किर्गिझस्तानातली ही हिमनदी रुंद आणि तशी सौम्य. जुन्या नकाशावर तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, १९४. शरदात तिथे गर्दी नसते, आकाश स्वच्छ असतं. सहा-सहा जणांना पलीकडे न्यायचं आणि परत आणायचं.

"वर मी बघतो, डेस्कवर तुम्ही बसा दत्ताभाऊ," तो म्हणाला. "मला माझ्यावर ओरडणारं कोणीतरी पाहिजे."

बर्फाचा धडाही त्यानेच दिला. हिमनदी जागच्या जागी नसते. ती उतारावरून सरकते, ही वर्षाला चाळीसेक मीटर, आणि सरकताना तडकते. त्या भेगांवर हिवाळ्यात बर्फाचे पूल तयार होतात, चांगले घट्ट, माणूस पेलणारे. उन्हाळाभर ते वितळून पडतात. आणि मग ऑक्टोबरमध्ये उघड्या भेगांवर नवा, भुसभुशीत बर्फ पडतो. "हा बर्फ झाकतो, पेलत नाही," सुजीत म्हणायचा. वरून सगळं सपाट दिसतं, त्यामुळे शरदात काठीने टोचल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, दोराला बांधून घेतल्याशिवाय चालायचं नाही, ऊन चढल्यावर निघायचं नाही आणि एकट्याने तर जायचंच नाही.

काम सोपं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ सुजीत सॅटेलाइट फोनवरून कळवायचा की तो कुठे आहे, नवा बर्फ किती आणि पूल कसे. मी ते इंग्रजीत रजिस्टरमध्ये लिहायचो आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द टाकायचो. 'होल्डिंग' म्हणजे थांबलाय. 'प्रोसीडिंग' म्हणजे पुढे जातोय, तीन तासांत फोन आला नाही तर वरच्या वाटेवर माणसं पाठवायची. 'रिटर्निंग' म्हणजे परत फिरलाय, संध्याकाळपर्यंत काळजी नाही, आणि शोधायचाच झाला तर खालच्या घळीत शोधायचा. हे नियम माझेच. फार अभिमान होता मला त्यांचा.

११ ऑक्टोबर २००९. रविवार, म्हणजे इथला कामाचा दिवस. सकाळी सात चाळीसला फोन आला.

"लोकेशन लिहा दत्ताभाऊ." त्याने आकडे सांगितले. "रात्रीत बारा सेंटिमीटर पडलाय. धुकं आत्ता निघालं. एका बाईंचं डोकं दुखत होतं म्हणून वली सगळ्यांना खालच्या कॅम्पवर घेऊन गेलाय. मी एकटाच आहे. उद्याच्यासाठी पलीकडची निशाणं लावायची राहिलीत."

वली हा तिथला वाटाड्या. "एकटा बर्फावर जायचं नाही!" मी खेकसलो. "तुमच्याकडे पावणेदहा वाजत आलेत, ऊन चढलंय. मागे फिर. ऐकू येतंय ना? मागे फिर, सुजीत."

खरखर झाली. मग अगदी शेजारून बोलल्यासारखा स्वच्छ आवाज आला. "बरं दत्ताभाऊ. येतो."

मी लिहिलं, ०७:४०, रिटर्निंग. खाली सही केली.

संध्याकाळी वलीचा फोन आला की सुजीत खाली पोचलेला नाही. हमीदने पहिला फोन सुजीतच्या बायकोला, शुभ्राला लावला आणि मी तिच्याकडे जायला उठलो. दारातून वळून हमीदला म्हणालो, "मैं आता हूँ."

त्याही परिस्थितीत हमीद चिडला. "आते हो या जाते हो, भाई? तुम मराठी लोग जाते टाइम आता हूँ बोलते हो, आधा दिन आदमी वेट करता है."

 आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ. महिनाभर बाहेरगावी निघालेलाही उंबऱ्यात 'येतो'च म्हणतो. सुजीतने माझं ऐकलं होतं आणि तो परत येत होता? की मी आपला ओरडतोय तर ओरडू दे म्हणून त्याने माझा निरोप घेतला होता आणि पुढे गेला होता? एवढी वर्षं मराठी बोलतोय, पण तो एक शब्द कुठल्या बाजूचा होता, हे मला सांगता येईना.

शुभ्रा ऊद मेथामधल्याच एका भारतीय शाळेत गणित शिकवायची. दोन वर्षांच्या ईश्वरीला मांडीवर घेऊन ती सोफ्याच्या कडेला बसली होती. मला पाहताच म्हणाली, "भाऊजी, हमीदभाई म्हणाले तो मागे फिरला होता. तुमच्या रजिस्टरमध्ये आहे म्हणे. म्हणजे खालच्याच वाटेवर कुठेतरी असेल ना?"

तिच्या चेहऱ्यावर चिंता होतीच, पण आणखीही काही होतं, सुटका झाल्यासारखं. मी म्हणालो, "हो. रिटर्निंग लिहिलंय." बस्स. एवढंच. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

नंतर वलीला फोनवर पुटपुटलो, जरा वरही बघ. त्याने पाहिलं. वर सगळं पांढरं आणि सपाट होतं. हेलिकॉप्टर दोन दिवस खालच्या घळीवर घिरट्या घालत राहिलं, कारण माझ्या सहीखाली तसं लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मोठं हिमवादळ आलं आणि शोध थांबला.

पुढच्या वर्षी हमीदने ट्रिपा पुन्हा सुरू केल्या, वलीच्या भरवशावर. मी डेस्कवरच राहिलो. सोडून कुठे जाणार? ११ ऑक्टोबर २०१०, सकाळी सात चाळीस. फोन वाजला. खिडकीबाहेर अर्धवट सोडलेल्या टॉवरवर ऊन तापलं होतं, काच हाताला चटका देत होती. रिसीव्हर कानाला लावला तर तो गार होता. एसीचा गारवा नव्हे. कोल्ड स्टोरेजमधल्या लोखंडी कडीला हात लागला की कातडी चिकटते, तसा.

"लोकेशन लिहा दत्ताभाऊ."

मी लिहिलं. हाताला सवय होती, त्याने लिहिलं. माझ्या अंगातलं बाकी काहीच चालत नव्हतं.

"नवा बर्फ सोळा सेंटिमीटर. चौथ्या निशाणापुढचा पूल पोकळ आहे. कोणाला आणू नका." आणि मग, "येतो."

फोन कंपनीत चौकशी केली. तो नंबर मागच्या नोव्हेंबरमध्येच बंद झाला होता. डॉक्टरकडे गेलो, त्यांनी झोपेची गोळी दिली. पण त्याआधी त्याच सकाळी मी वलीला फोन लावून चौथ्या निशाणापाशी काठी टोचायला सांगितलं होतं. काठी त्याच्या मनगटापर्यंत आत गेली. खाली काही लागलं नाही. सहा माणसं त्याच्या मागे दोराला बांधून उभी होती.

"दत्ता साब," वलीने विचारलं, "दुबई से आपको कैसे दिखा?" वलीने दुबईच्या देऱ्यातल्या कार्गोच्या दुकानात दोन वर्षं काढली होती, त्याची हिंदी चांगली होती. मी म्हटलं, अनुभव.

त्यानंतर दर वर्षी त्याच तारखेला, त्याच वेळेला. २०११ला माझ्याआधी हमीदने फोन उचलला. दोन क्षण ऐकून माझ्याकडे दिला आणि कान चोळत म्हणाला, "हवा है सिर्फ. खलास, काट दो." मी कानाला लावला तर सुजीत नव्या बर्फाची जाडी सांगत होता. त्याचा आवाज तेवढाच तरुण होता. माझ्या सूचनांची मात्र ख्याती झाली. त्या मोसमात १९४ नंबरवर जाणारे दुसऱ्या कंपन्यांचे लोकही दुबईला फोन करून विचारायचे, आज काय म्हणताय? मी माझ्या नावावर एका मेलेल्या माणसाची माहिती खपवत होतो, आणि ती कधी चुकत नव्हती.

आकड्यांकडे माझं लक्ष उशिरा गेलं. तो दर वर्षी लोकेशन सांगायचा आणि दर वर्षी ते थोडं वेगळं असायचं. नकाशावर टिंबं मांडली. पहिलं टिंब वरच्या वाटेच्या मधोमध होतं, घळीपासून दूर. पुढची टिंबं उतारावर एका ओळीत होती, दर वर्षी चाळीसेक मीटर खाली. तो पुढे गेला होता. भेगेत पडला होता. आणि बर्फ त्याला घेऊन सावकाश खाली सरकत होता. हिमनदीच्या टोकापर्यंत दोन हजारांवर मीटर बाकी होते. भागाकार केला. एक्कावन्न वर्षं. तेव्हा मी एकशे तीन वर्षांचा असलो असतो.

हे मी कोणाला सांगणार होतो? आणि काय म्हणून? गप्प बसणं मला जमत होतं. शुभ्राने ते अशक्य करून टाकलं.

२०१३च्या सप्टेंबरमध्ये तिने मला घरी बोलावलं. टेबलावर तिकीट होतं. "ईदच्या सुट्टीत मी जातेय भाऊजी. अकराला संध्याकाळी फ्लाइट. वली माझ्याबरोबर घळीत यायला तयार आहे. हेलिकॉप्टरने वरवर पाहिलं, पण दगडांच्या कपारींत कोणी उतरलंच नाही. मी उतरणार. बर्फ कसा आहे ते लिहिलेली तुमची कंडिशन शीट लागेल, तेवढी सही करून द्या."

"ऑक्टोबरमध्ये त्या घळीत वरून दगड सुटतात," मी म्हणालो. "नव्या बर्फाखाली काय आहे ते कळत नाही."

"तो तिथे आहे," ती म्हणाली. "परत येताना तिथेच असणार."

ईश्वरी सहा वर्षांची झाली होती. चित्र रंगवता रंगवता तिने विचारलं, "काका, इज इट व्हेरी कोल्ड देअर?" मी हो म्हणालो आणि पळ काढला. पुढचे तीन आठवडे रोज ठरवायचो, आज सांगू. आईविना पोर करायला निघालो होतो मी, स्वतःच्या एका सहीपायी, आणि तरी जीभ उचलत नव्हती.

११ ऑक्टोबरला शुक्रवार होता, ऑफिस बंद. मी तिला सकाळी सातला ऑफिसात बोलावलं, शीट देतो म्हणून. ती पाठीवर सॅक घेऊनच आली. खुर्चीवर टेकली आणि शीटसाठी हात पुढे केला.

"घळीत काही नाही शुभ्रा," मी म्हणालो. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. मागे फिर म्हणालो ते, तो 'येतो' म्हणाला ते, मी काय ऐकलं, काय लिहिलं आणि हमीदच्या दारात मला काय कळलं ते. फोनचंही सांगितलं, नकाशावरची टिंबं दाखवली. ती वेडा म्हणेल असं वाटलं होतं. तिने टिंबांवरून एकदा बोट फिरवलं.

"किती वाजता म्हणालात?"

"सात चाळीस."

"मला त्याने साडेसातला केला होता." तिचा आवाज अगदी कोरडा होता. "आदल्या दिवशीच आमचं जोरात भांडण झालं होतं. मला पुण्याला नोकरी लागत होती, परत जाऊ म्हणत होते मी. त्याला अजून एक सीझन हवा होता. फोनवर म्हणाला, पलीकडे जाऊन निशाणं लावतो, येतो. आणि मी म्हणाले, जा." तिने नकाशा दूर सारला. "जा, भाऊजी. निघालेल्या माणसाला कोणी जा म्हणतं का? मी म्हणाले. मग संध्याकाळी हमीदभाईंनी सांगितलं की दहा मिनिटांनी तो मागे फिरला. मला वाटलं, त्याने माझं मनावर घेतलं, माझ्यासाठी फिरला. चार वर्षं मी तेवढ्यावर काढली. आणि तुम्ही बघत बसलात."

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात सात चाळीस झाले होते.

"उचलू नकोस," मी म्हणालो. खरंच म्हणालो. तीन वर्षं ज्याचा आवाज ऐकत होतो, त्याची मला त्या क्षणी इतकी भीती वाटली, की मी फोनवर हात ठेवला. रिंग वाजताना हाताखालचं प्लॅस्टिक गार पडत गेलं. शुभ्राने माझा हात बाजूला केला आणि रिसीव्हर उचलला.

ऑफिसात इतकी शांतता होती, की मलाही ऐकू येत होतं. "लोकेशन लिहा दत्ताभाऊ." आकडे. "नवा बर्फ नाही. आकाश मोकळं आहे."  शुभ्राचे डोळे घट्ट मिटलेले होते. मग तो म्हणाला, "येतो."

आणि फोन लगेच बंद झाला नाही. पलीकडे दोन-तीन क्षण नुसता वारा होता.

"ये," शुभ्रा म्हणाली. "ये, सुजीत. मी वाट बघतेय."

लाइन गेली. तिने रिसीव्हर ठेवला तेव्हा तिच्या कानाची पाळी पांढरीफटक पडली होती, दुपारपर्यंत तिथे रक्त आलं नाही. तिने तिकीट रद्द केलं. माझ्याशी त्यानंतर ती वर्षभर बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

२०१४च्या सप्टेंबरमध्ये वलीचा फोन आला. मोसमातली पहिली तुकडी घेऊन तो हिमनदीच्या टोकाशी पोचला होता. श्वास लागला होता त्याला.

"दत्ता साब, सुजीत भाई मिल गया."

"कुठे?"

"नीचे. बिलकुल नीचे."

मी तिथल्या तिथे नकाशा उघडला. शेवटच्या टिंबापासून टोकापर्यंत दोन हजार मीटर. हिमनदी वर्षाला चाळीस मीटर सरकते. वली सांगत होता की तो बर्फात नव्हता. बर्फ संपून जिथे गोटे सुरू होतात, तिथून दहा पावलं खाली, एका खडकाला पाठ टेकून बसलेला होता. बुटांचे खिळे काढून सॅकला बांधले होते. दोर नीट गुंडाळून मांडीवर ठेवला होता, बर्फावरून सुखरूप उतरलेला माणूस ठेवतो तसा.

शुभ्राला सांगायला मीच गेलो. ती रडली, खूप रडली, आणि मग कपाटातून त्याचे कपडे काढायला उठली, त्याला घालायला नेण्यासाठी. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

लोक म्हणतात, बर्फाचं काही सांगता येत नाही, खालून पाणी वाहतं, वितळतो, ढकलतो. म्हणू देत. मला एवढंच कळतं की शुभ्राने त्याला 'ये' म्हटलं आणि तो आला. आपल्याकडे 'येतो' म्हणणारा माणूस लगेच पाठ फिरवत नाही. समोरचा 'ये' म्हणेपर्यंत दारात क्षणभर थांबतो. सुजीत दर वर्षी थांबायचा. २००९च्या त्या सकाळीही थांबला होता, दोन-तीन क्षण, वाऱ्यात. मला वाटलं, लाइन लांबची आहे. मी फोन खांद्याला अडकवून रजिस्टर लिहीत होतो.